रॉड टाकला, पुढे काय?

नडगीचे हाड मोडले की घरात एकच वाद सुरू होतो : प्लास्टर की रॉड? जिल्ह्याच्या गावी हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे पाहून "रॉड टाकावा लागेल" असे सांगितले, की नातेवाईक तो एक्स-रे पिशवीत घालून रात्री दवाखाना बंद व्हायच्या वेळी माझ्याकडे येतात. "डॉक्टर, तुम्ही घरचे. खरं सांगा, गरज आहे का उगाच बिल वाढवतायत?" गेली तीसेक वर्षे मी हा प्रश्न ऐकतो आहे. पूर्वी तो झाडावरून, बैलगाडीवरून पडलेल्यांबद्दल असे, आता बहुतेक वेळा मोटारसायकलवरून पडलेल्यांबद्दल असतो.

मी शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर नाही. एम.बी.बी.एस. होऊन तालुक्याच्या गावी दवाखाना चालवणारा जनरल प्रॅक्टिशनर आहे. पण ऑपरेशन करणारे डॉक्टर रुग्णाला त्यानंतर फार तर पाच-सहा वेळा पाहतात. तोच रुग्ण पुढचे सहा महिने कधी तापासाठी, कधी खाजेसाठी, कधी नुसती शंका विचारायला कुबड्या टेकत माझ्याकडे येत असतो. दवाखान्याच्या बाकावर बसलेल्या या मंडळींकडे पाहून माझे एक मत झाले आहे. रॉड टाकायचा की नाही यावर आपण फार खल करतो, आणि रॉड टाकल्यानंतरच्या सहा महिन्यांचा विचार जवळजवळ कोणीच करत नाही. रॉड हाड जोडत नाही, तो हाड जागेवर धरून ठेवतो. जोडायचे काम शरीराचे आहे आणि त्याला चार-सहा महिने लागतात. ऑपरेशन दीड-दोन तासांचे असते.

आधी हे हाड इतके त्रासदायक का, ते पाहू. स्वतःच्या नडगीवरून वरून खाली बोट फिरवा. आतल्या बाजूला कातडीखाली लगेच हाड लागते, मध्ये मांस नाहीच. मांडीच्या हाडाभोवती स्नायूंची जाड गादी असते, नडगीला ती पाठीमागे पोटरीकडे आणि बाहेरच्या बाजूलाच मिळते. हाडाला रक्त पुरवण्यात या स्नायूंचा मोठा वाटा असतो. म्हणून नडगीचे हाड, विशेषतः घोट्याकडचा खालचा तिसरा भाग, जुळायला वेळ घेतो. शिवाय कातडी इतकी जवळ, की मोडलेले टोक सहज बाहेर येते. शरीरातल्या लांब हाडांपैकी सर्वांत जास्त मोडणारे हाड हेच, आणि उघडी जखम होण्याचे प्रमाणही याचेच जास्त.

आता रॉड म्हणजे काय? आपले हाड भरीव नसते, नळीसारखे असते. आत मज्जेची पोकळी असते. गुडघ्याच्या वाटीच्या जरा खाली एक छोटी चीर देऊन हाडाच्या वरच्या टोकाला भोक पाडतात. त्यातून एक बारीक तार मोडलेल्या जागेपलीकडे घोट्याजवळपर्यंत सरकवतात. सी-आर्म नावाच्या एक्स-रे यंत्राच्या पडद्यावर हे सगळे दिसत असते. मग गरजेप्रमाणे पोकळी आतून अर्ध्या-अर्ध्या मिलिमीटरने रुंद करतात आणि त्या तारेवरून साधारण आपल्या करंगळीएवढ्या जाडीची, वरच्या टोकाला किंचित वाकवलेली पोकळ सळई आत बसवतात. वर आणि खाली आडवे स्क्रू घातले की हाड आखूड होत नाही आणि फिरतही नाही. बंद फ्रॅक्चरमध्ये मोडलेली जागा बहुधा उघडावी लागत नाही. तिथे साचलेले रक्त हेच नव्या हाडाचे बियाणे असते आणि ते जागच्या जागी राहते. रॉडच्या पद्धतीतली मोठी गोम ही आहे.

ही कल्पना जर्मनीतल्या कील शहरातले डॉ. गेरहार्ड क्युन्चर यांनी रुजवली. १९३९ च्या नोव्हेंबरात त्यांनी मांडीच्या हाडात पहिली सळई घातली. पुढच्या वर्षी बर्लिनच्या परिषदेत त्यांनी ती दाखवली तेव्हा जुन्याजाणत्या सर्जनांना ते आततायीपणाचे वाटले. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या ताब्यात सापडलेले इंग्रज-अमेरिकन सैनिक सुटून घरी परतले, तेव्हा त्यांच्या मांडीच्या एक्स-रेत उभी सळई पाहून तिकडचे डॉक्टर चक्रावले. ज्या दुखण्याला त्यांच्या देशात महिनोन्महिने वजने टांगून झोपवून ठेवत, त्या दुखण्यातून हे लोक चालत घरी आले होते. आपल्याकडच्या सरकारी रुग्णालयांतही क्युन्चरांच्या नावाची 'के-नेल' कित्येक वर्षे वापरात होती. फक्त त्या सळईला स्क्रू नव्हते, त्यामुळे हाडाच्या मधल्या भागातले साधे, आडवे फ्रॅक्चर असेल तरच ती भरवशाची. १९७० च्या दशकात स्क्रूने अडकवायच्या सळया आल्या आणि चुरा झालेली, तिरकी, वरखालची फ्रॅक्चरही तिच्या आवाक्यात आली.

मग प्रत्येकालाच रॉड का नको? कारण प्रत्येकाला तो लागत नाही. मुलांमध्ये हाड वाढण्याची पट्टी गुडघ्याजवळ, नेमकी रॉडच्या वाटेवर असते. तिला इजा झाली तर पाय आखूड किंवा वाकडा वाढू शकतो. म्हणून मुलांना बहुतेक वेळा प्लास्टर, आणि फारच गरज पडली तर वाढीची पट्टी टाळून बाजूने घालायच्या लवचिक तारा. मोठ्या माणसातही हाड नुसते तडकले असेल, किंवा मोडूनही जागेवर असेल, तर प्लास्टर उत्तम. अमेरिकेतले डॉ. ऑगस्टो सार्मिएंतो यांनी १९६० च्या दशकापासून दाखवून दिले, की नडगीची बरीच फ्रॅक्चर नीट घातलेल्या प्लास्टरमध्ये चालत-फिरत जुळतात. पण प्लास्टरलाही पथ्य आहे. पहिल्या दोन आठवड्यांत सूज उतरते, प्लास्टर सैल होते आणि आतले हाड घसरते. म्हणून सुरुवातीला दर आठवड्याला एक्स-रे काढायचा असतो. "प्लास्टर घातलं, आता दीड महिन्यांनी कापायला येऊ" म्हणून जे घरी जातात, त्यांचे हाड वाकडे जुळले तर दोष प्लास्टरचा नसतो. उलट हाड सरकले असेल, चुरा असेल, दोन्ही हाडे एकाच पातळीवर मोडली असतील किंवा माणसाला महिनोन्महिने गुडघ्याच्या वरपर्यंत प्लास्टर घेऊन बसणे शक्य नसेल, तर रॉड सांगणारा डॉक्टर बिल वाढवत नसतो. शंका असेल तर दुसऱ्या हाडांच्या डॉक्टरांना एक्स-रे दाखवावा. त्यात पहिल्या डॉक्टरांचा अपमान नाही. मात्र हे सगळे एक-दोन दिवसांत उरकावे, आणि उघडी जखम असेल तर तेवढीही वाट पाहू नये.

उघड्या जखमेबद्दल दोन शब्द. हाड बाहेर दिसत असेल तर ते आत ढकलू नका. हळद, चहापत्ती, राख, तंबाखू, चुना यांतले काहीही त्यावर घालू नका. स्वच्छ धुतलेला कपडा झाका. पाय आहे तसा दोन फळ्या, काठ्या किंवा जाड गुंडाळलेले वर्तमानपत्र लावून गुडघ्याच्या वरपासून घोट्याच्या खालपर्यंत बांधा (हे वर्तमानपत्रही चालेल), आणि १०८ ला फोन करा. गाठी मोडलेल्या जागेवर नकोत, तिच्या वर आणि खाली. धनुर्वाताचे इंजेक्शन आणि शिरेतून अँटिबायोटिक शक्य तितक्या लवकर, जमल्यास पहिल्या तासातच मिळाले पाहिजे. हे काम जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातही होते, त्यासाठी जिल्ह्याचे गाव गाठायची गरज नाही. आणि वाटेत चहा-बिस्किट देऊ नका, पोट भरलेले असेल तर भूल देणे लांबते.

आता ज्या एका गोष्टीमुळे पाय कायमचा जातो ती. गुडघ्याखालच्या पायातले स्नायू चार कप्प्यांत असतात आणि कप्प्यांच्या भिंती चिवट, न ताणणाऱ्या असतात. हाड मोडल्यावर आत रक्तस्राव आणि सूज येते, कप्प्यातला दाब वाढतो, बारीक रक्तवाहिन्या चेपल्या जातात आणि स्नायू गुदमरू लागतो. पाच-सहा तास असेच गेले तर तो मरतो, मग कितीही मोठ्या रुग्णालयात नेले तरी तो परत येत नाही. हाडवैद्याने करकचून बांधलेल्या बांबूच्या कामट्यांखाली हे घडते, घट्ट प्लास्टरखाली घडते आणि रॉड टाकल्यानंतर पहिल्या दोन दिवसांतही घडू शकते. हाडवैद्यांच्या हातगुणाबद्दल मला वाद घालायचा नाही. साधा मुरगळलेला पाय त्यांच्याकडे बरा झालेले पुष्कळ भेटतात, कारण मुरगळलेला पाय कोणाकडे न जाताही बरा होतो. पण मोडलेल्या, सुजलेल्या नडगीला तेल लावून चोळायचे आणि वर कामट्या आवळायच्या, यात पाय काळा पडून कापायची पाळी येते, हे मी पाहिलेले आहे.

ओळखायचे कसे? मोडलेला पाय दुखणारच, पण नीट बांधून, इंजेक्शन देऊनही वेदना वाढतच जात असेल, पोटरी लाकडासारखी कडक लागत असेल, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पायाची बोटे आपण हळूच वरखाली केली तर माणूस किंचाळत असेल, तर घड्याळ सुरू झाले असे समजा. अंगठा आणि शेजारचे बोट यांच्यामध्ये बधिरपणा ही आणखी एक खूण. पावलाची नाडी लागते आहे म्हणून निर्धास्त राहू नका, या दुखण्यात नाडी शेवटपर्यंत लागू शकते. अशा वेळी पट्टी, कामट्या, प्लास्टर जे काही असेल ते लगेच सोडवून किंवा कापून घ्यायचे, पाय हृदयाच्या पातळीला ठेवायचा (फार उंच टांगायचा नाही) आणि सर्जनकडे धाव घ्यायची. कप्प्यांना चिरा देऊन दाब मोकळा करणे हा एकच उपाय आहे. वॉर्डात रात्री दोन वाजता रुग्ण अशी तक्रार करत असेल तर नातेवाइकांनी "सकाळी मोठे डॉक्टर येतील तेव्हा सांगू" म्हणून थांबू नये. नर्सला उठवा, ती रागावली तरी उठवा.

इतके सगळे निभावून माणूस पाचव्या-सहाव्या दिवशी घरी येतो. आणि इथून पुढे त्याला विचारणारे कोणी नसते.

दवाखान्यात येणारी डिस्चार्ज कार्डे मी पाहतो. त्यावर ऑपरेशनचे नाव, औषधांची यादी आणि खाली इंग्रजीत तीन अक्षरे : एन. डब्ल्यू. बी. किंवा पी. डब्ल्यू. बी. पहिल्याचा अर्थ पायावर अजिबात वजन टाकायचे नाही, दुसऱ्याचा अर्थ थोडे थोडे टाकायचे. सहा महिन्यांचे सगळे भवितव्य ज्या तीन अक्षरांत आहे, ती वाचता येणारे घरात कोणी नसते. माझ्याकडे येणाऱ्या एका टेम्पोचालकाच्या कार्डावर पी. डब्ल्यू. बी. होते. आईने त्याला धास्तीने तीन महिने खाटेवरून उतरू दिले नाही. हाड बरे होते, पण गुडघा आखडला, मांडी काडीसारखी झाली आणि परत स्टिअरिंगवर बसायला त्याला आणखी चार महिने लागले. दुसरा एक तरुण, हाडाचा पार चुरा झालेला, कार्डावर एन. डब्ल्यू. बी. सहाव्या आठवड्यात तो मोटारसायकलला किक मारून दूध घालायला गेला. "दुखत नव्हतं ना डॉक्टर," म्हणाला. खालचे दोन्ही स्क्रू तुटले.

दोघांचेही ऑपरेशन चांगलेच झाले होते. म्हणून माझे म्हणणे असे, की रुग्णालयांनी कार्डावर मराठीत चार ओळी लिहाव्यात. वजन किती आणि कधीपासून टाकायचे, टाके कधी काढायचे, पुढचा एक्स-रे कोणत्या तारखेला आणि काय झाले तर ताबडतोब यायचे. यासाठी पैसा लागत नाही. वाचकांनीही घरी निघण्यापूर्वी या चार गोष्टी डॉक्टरांना विचाराव्यात आणि नुसत्या ऐकून न ठेवता लिहून घ्याव्यात. आडवे मोडलेले हाड आणि पोकळीत घट्ट बसलेला रॉड असेल तर काही दिवसांतच वजन टाकायला सांगतात, चुरा असेल तर उशिरा. शेजारच्या माणसाला काय सांगितले होते यावरून आपले ठरवू नये. गुडघा आणि घोटा हलवण्याचा व्यायाम मात्र बहुतेकांना दुसऱ्या दिवसापासूनच करायचा असतो.

वजन टाकून चाललो तर रॉड मोडेल का, असे पुष्कळ जण विचारतात. याचे उत्तर समजून घेण्यासारखे आहे. एखादी तार पुन्हा पुन्हा वाकवली की ती शेवटी तुटते. रॉड कितीही भक्कम असला तरी तो धातूच आहे. रोजच्या हजारो पावलांचा ताण तो सोसत असतो. हाड जुळत गेले की ताण हाडाकडे जातो आणि रॉड सुटतो. हाड जुळलेच नाही, तर आज ना उद्या स्क्रू किंवा रॉड तुटणार. ही एक शर्यत आहे, आणि हाडाने ती जिंकावी म्हणून मध्ये मध्ये एक्स-रे काढून पाहायचे असते. बंद फ्रॅक्चर साधारण चार-पाच महिन्यांत जुळते, उघडे असेल तर जास्त वेळ. तिसऱ्या-चौथ्या महिन्यातल्या एक्स-रेत नवे हाड पुरेसे दिसले नाही, तर डॉक्टर एका टोकाचे स्क्रू काढून हाडावर थोडा दाब येऊ देतात. तेवढ्याने भागले नाही, तर जुना रॉड काढून जरा जाड रॉड घालतात किंवा कमरेच्या हाडाचा चुरा त्या जागी भरतात. असे काही सुचवले की लोक लगेच म्हणतात, "पहिलं ऑपरेशन बिघडलं." बहुतेक वेळा तसे नसते. वेळेवर सुचवले याचा अर्थ डॉक्टरांचे लक्ष आहे. पण त्यासाठी रुग्ण त्यांच्यासमोर यायला हवा. "बरं वाटतंय, कशाला जायचं, एक दिवसाची मजुरी बुडते" म्हणून जो येतच नाही, तो आठव्या महिन्यात तुटलेला रॉड घेऊन येतो.

या बाबतीत एका परदेशी संस्थेची पद्धत मला फार शहाणपणाची वाटते. अमेरिकेतल्या रिचलँड गावी डॉ. लुईस झर्कल यांनी १९९९ साली 'साइन' नावाची संस्था सुरू केली. तरुणपणी ते व्हिएतनामच्या युद्धात सैन्याचे सर्जन होते, आणि गरीब देशांत साध्या सळईअभावी माणसे अपंग होतात हे त्यांनी पाहिले होते. ही संस्था गरीब देशांतल्या रुग्णालयांना सी-आर्मशिवायही बसवता येईल असा रॉड फुकट देते. वापरलेल्या रॉडच्या बदल्यात नवा हवा असेल तर सर्जनने त्या रुग्णाची माहिती आणि एक्स-रे संस्थेला पाठवायचे. आणि रुग्ण बरा झाला हे दाखवायची त्यांची रीत अशी, की तपासणीला आलेल्या रुग्णाला उकिडवे बसायला सांगायचे, हसायला सांगायचे आणि त्याचा फोटो काढायचा. आपल्या शेतकऱ्याला, मजुराला, घरकाम करणाऱ्या बाईला बरे होणे म्हणजे काय, हे या फोटोइतके स्वच्छ मी कुठल्या रिपोर्टात पाहिलेले नाही. उकिडवे बसता आले म्हणजे हाड बहुधा जुळले, गुडघा वाकतो आणि घोटाही वाकतो.

यावरून एक न सांगितली जाणारी गोष्ट आठवली. नडगीत रॉड टाकलेल्या बऱ्याच लोकांचा गुडघा पुढून दुखतो, विशेषतः जमिनीवर गुडघा टेकताना. रॉड गुडघ्यापासूनच आत जातो, तेव्हा हे ओघाने आले. काहींचे दुखणे वर्षभरात कमी होते, काहींचे राहते. खुर्ची-टेबलावर काम करणाऱ्याला याचे फारसे काही वाटत नाही. पण खुरपणीला बसणाऱ्या बाईला, फरशी बसवणाऱ्या गवंड्याला, नमाजाला किंवा पूजेला गुडघे टेकणाऱ्याला हा रोजचा प्रश्न आहे. हे ऑपरेशनपूर्वी सांगितले पाहिजे. सांगितले म्हणून कोणी ऑपरेशन नाकारणार नाही, पण नंतर "रॉड वाकडा बसवला" असा संशयही घेणार नाही.

घरच्या पथ्याविषयी थोडे. ऑपरेशननंतर आंबट खाल्ले की पू होतो, या समजुतीपायी लिंबू, आवळा, ताक, टोमॅटो बंद करणारी घरे अजून आहेत. काही ठिकाणी वरण-भातही बंद. हे उलटे आहे. जखम आणि हाड भरून यायला क जीवनसत्त्व लागते, ते लिंबू-आवळ्यातच आहे. डाळी, उसळी, दूध, शेंगदाणे, खात असाल तर अंडी-मासळी, हे सगळे हवे. पायाचे सूप प्या, चवीला छान असते, पण त्याने हाड दुप्पट वेगाने जुळत नाही. मधुमेह असेल तर साखर ताब्यात ठेवा, नाहीतर जखम चिघळते. वेदनाशामक गोळ्या मेडिकलमधून परस्पर आणून महिनोन्महिने खाऊ नका. त्यांनी हाड जुळायला उशीर होतो की नाही यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत, पण मूत्रपिंडाला त्या घातक ठरतात यावर नाहीत.

आणि विडी-सिगारेट. नडगीच्या हाडाचा एवढा उघड शत्रू दुसरा नाही. धुरामुळे बारीक रक्तवाहिन्या आकसतात, आणि आधीच कमी रक्त मिळणाऱ्या या हाडाची उपासमार होते. विडी ओढणाऱ्यांचे हाड उशिरा जुळते, कधी जुळतच नाही, उघड्या जखमेत जंतुसंसर्गही जास्त होतो, हे वारंवार दिसून आलेले आहे. तंबाखू-मिश्रीवाले म्हणतात, "आम्ही ओढत नाही, नुसती चघळतो." त्यातही निकोटिन तेच असते, तेव्हा मी त्यांना सूट देत नाही. भेटायला येणाऱ्या मित्रांनी रुग्णाला पुडी देऊ नये, ही माझी हात जोडून विनंती आहे. आयुष्यभराचे नंतर पाहू, हाड जुळेपर्यंत तरी बंद.

पैशाबद्दलही बोलले पाहिजे. "साधा रॉड टाकू की टायटॅनियमचा इंपोर्टेड?" असे विचारले जाते, तेव्हा नातेवाईक भावनेच्या भरात महागाचा सांगतात. घरातल्या माणसाच्या पायाशी काटकसर कशी करायची? माझे स्पष्ट मत आहे, की चांगल्या प्रतीच्या साध्या स्टीलच्या रॉडनेही हाडे व्यवस्थित जुळतात. टायटॅनियमचे काही फायदे आहेत, उदाहरणार्थ पुढे कधी त्या पायाचा एम.आर.आय. काढायचा झाला तर चित्र कमी बिघडते. पण त्यासाठी दागिने गहाण टाकायची गरज नाही. तो पैसा पुढच्या सहा महिन्यांसाठी राखून ठेवा, तेव्हा घरात कमाई नसते. रॉड कोणताही असो, त्याच्या वेष्टनावरचे कंपनीचे नाव आणि बॅच क्रमांक असलेले स्टिकर आपल्या फाइलला लावून मागा. तो तुमचा हक्क आहे, आणि पुढे कधी रॉड काढायची वेळ आली तर कोणती हत्यारे लागतील हे त्यावरूनच कळते.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत हाडांच्या शस्त्रक्रिया बसतात. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राचे टेबल असते. भरती होतानाच रेशनकार्ड, आधार कार्ड घेऊन तिथे जा, बिल झाल्यावर जाऊन उपयोग नाही. रस्त्यावरच्या अपघातासाठी केंद्र सरकारने मे २०२५ मध्ये रोकडरहित उपचारांची योजना अधिसूचित केली आहे. तिच्यात अपघातापासून सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार नेमलेल्या रुग्णालयात मिळू शकतात. ऑपरेशनची सोय अशी पूर्वीपेक्षा पुष्कळ झाली आहे. तालुक्याच्या ठिकाणी आठवड्यातून दोन दिवस फिजिओथेरपिस्ट आणि महिन्यातून एकदा हाडांचे डॉक्टर बसले, तर एक्स-रेसाठी पुन्हा पुन्हा जिल्ह्याला जायची मजुरी वाचेल आणि न येणारे निम्मे रुग्ण येऊ लागतील असे मला वाटते. योजनांचे फलक लावणाऱ्यांनी याचा विचार करावा.

राहिला नेहमीचा शेवटचा प्रश्न : रॉड काढायचा कधी? पुष्कळांना वाटते, वर्ष-दीड वर्षाने तो काढलाच पाहिजे, नाहीतर गंजतो, अंगात विष पसरते. तसे काही होत नाही. त्रास नसेल तर मोठ्या माणसाचा रॉड आयुष्यभर आत राहिला तरी चालतो, आणि थंडीत पाय दुखतो एवढ्यावरून तो काढायचा नसतो. स्क्रूचे डोके कातडीखाली टोचत असेल तर नुसता तो स्क्रू काढता येतो. जंतुसंसर्ग झाला असेल तर मात्र काय करायचे ते हाडांच्या डॉक्टरांनी ठरवायचे. गुडघादुखीसाठी रॉड काढणार असाल तर आधी हे माहीत असू द्या, की काढल्यावर दुखणे कमी होईलच अशी खात्री कोणी देऊ शकत नाही. आणि काढायचाच झाला तर हाड पूर्ण जुळल्याचा एक्स-रे हाती असल्याशिवाय काढू नये. काढल्यानंतर स्क्रूंच्या छिद्रांपाशी हाड काही आठवडे कच्चे असते. तेव्हा चालणे-फिरणे डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे सुरू ठेवा, पण उड्या, कबड्डी आणि धान्याची पोती दोन-तीन महिने तरी दूर ठेवा.